तळाचा कोपरा

मेजावर सतरा ग्रंथ होते, सतरा साखळ्या आणि सतरा लांब खिळे. कोलँ फोव्हेलनं ते दोनदा मोजले. राजाच्या अंमलदाराला एकदा मोजलेलं पुरत नसे.

पॅरिसच्या विद्यापीठात दोन पंथ भांडत होते. एकानं राजाचे कान भरले आणि दुसऱ्याचे ग्रंथ कुणी उघडू नयेत म्हणून त्यांना खिळे ठोकण्याचा हुकूम सुटला. कोलँ चोवीस वर्षं या ग्रंथालयात बांधणी आणि राखण करत होता. त्याला पंथ नव्हता.

सोळा ग्रंथ झाले. सतरावा विद्यापीठातल्या तिबो मास्तरांच्या हातचा, एकुलती एक प्रत. मास्तर दारातच उभे होते.

"मधोमध ठोक," अंमलदार म्हणाला. "आरपार."

मास्तर समासातही लिहीत. प्रत्येक पानावर कोरी जागा उरली होती ती फक्त तळाच्या बाहेरच्या कोपऱ्यात, अंगठ्याएवढी. दरवर्षी पानं पुसताना कोलँनं ती पाहिली होती.

"मधोमध बांधणीची लाकडी फळी चिरते, साहेब. मग ग्रंथ उघडाच राहायचा. कोपऱ्यात लाकूड जाड आहे."

"तू काय सुतार?"

"बांधणी माझीच आहे."

"ठोक तर."

नऊ घाव बसले.

"शाबास रे कोलँ!" मास्तर ओरडले. "राजाचा लोहार झालास! वर जागासुद्धा निवडून ठोकतोस!"

अंमलदार शेजारीच होता. कोलँ हातोडी पुसत राहिला.

कोपराच का निवडला, ते पुढेही त्यानं मास्तरांना सांगितलं नाही. मास्तरांच्या पोटात काही राहत नसे आणि अंमलदार दर तीन महिन्यांनी खिळे तपासायला येई. कोलँ चर्चमध्ये दिसला की मास्तर दुसऱ्या दारानं बाहेर पडत. अशी सात वर्षं गेली.

मग राजाचं मन फिरलं. ग्रंथ उघडा, असा हुकूम आला. मास्तर काठी टेकत आले. एका डोळ्यात मोतीबिंदू होता. कोलँनं पकडीनं खिळा उपसला.

"बघू, तुझ्या खिळ्यानं काय काय खाल्लंय ते," मास्तर म्हणाले.

ते एकेक पान डोळ्याजवळ धरून पाहू लागले. संध्याकाळच्या प्रार्थनेची घंटा झाली तेव्हा शेवटचं पान उलटलं. त्यांनी बाकावर सरकून जागा केली.

"बस. वही घे. लिही."

कोलँनं लिहिलं : पानं दोनशे चौदा. भोकं दोनशे चौदा. गेलेली अक्षरं तीन.