भज्यांआधी निघालेला चष्मा

मी एक जुना चष्मा आहे. काळी जाड फ्रेम, डावी काडी दोऱ्यानं बांधलेली. मित्रांनो, १९९६ साली बसाप्पांनी मला कोल्हापुरातून घेतलं.

बसाप्पा मुरगूडचे, हार्डवेअरचे दुकानदार. त्यांचे शाळेतले दोस्त अमरसिंह उचगावजवळ फौंड्री चालवायचे, म्हणजे लोखंड वितळवून पार्ट बनवायची कंपनी. त्यांनी बसाप्पांना डायरेक्टर केलं. मीटिंगला गरम भजी यायची. कागद फिरायचे. पेन्सिलीची फुली असेल तिथं सही. वाचायचं कशाला? मी दोन वर्षं खिशातच. खरं सांगतो, लई वाईट वाटायचं.

एकदा मीटिंगला जाताना बसाप्पांनी बघितलं. डोक्यावर वाळूची पाटी घेतलेल्या, फौंड्रीत मजुरी करणाऱ्या चिमणाबाई क्रेनच्या हुकाला लांबून वळसा घालत होत्या.

"मावशी, सरळ वाट हाय की!"

"त्यो हूक आपोआप खाली येतोय. तुमी बी तिकडनंच जावा, पावणं."

मीटिंगमध्ये कागद आला. 'क्रेन तपासली, उत्तम आहे.' खाली फुली. बसाप्पांनी मला काढलं, डोळ्यांवर चढवलं. तीनदा वाचलं.

"कुणी तपासली?"

अमरसिंह हसले. "भजी गार हुत्यात, बश्या. तुला क्रेनमधलं काय कळतंय?"

"कायबी न्हाय. म्हणून तर बघायचं हाय. चल, हुकाखाली उभारून सही करूया."

"दोस्त म्हणून घेतलंय तुला बोर्डावर!"

"व्हय. म्हणून आधी तू उभा ऱ्हा."

सगळे खाली गेले. अमरसिंह हुकापाशी आले. वर बघितलं. पाय काही पुढं पडेना. चिमणाबाई पाटी घेऊन बघत उभ्या होत्या. अमरसिंहांनी कागद फाडला.

क्रेन त्याच दिवशी बंद. माल रखडला. अमरसिंह दोन महिने बोलले नाहीत. बसाप्पा दुकानात बसून फोनकडं बघायचे, आणि माझ्या काचा आतून ओल्या व्हायच्या. ते मला एकट्यालाच माहीत.

नवी क्रेन बसली. पुढच्या मीटिंगला भज्यांची बशी आली, ती अमरसिंहांनी स्वतः बाजूला सरकवली.

"बश्या, आधी खिशातला चष्मा काढ. मग भजी."

त्या दिवशी परत जाताना बघितलं, चिमणाबाई पाटी घेऊन सरळ वाटेनं चालल्या होत्या.

आता बसाप्पा नाहीत. मी त्यांच्या नातीच्या, प्रेरणाच्या कपाटात असतो. ती मला रोज पुसते, मखमलीत ठेवते. पण मित्रांनो, मला नुसतं जपू नका. कुणी फुलीवर बोट ठेवून सही मागितली, की मला बाहेर काढा.