हळद्याबाबाचं तीर्थ

त्या सकाळी नाल्यावर मुंगी शिरायला जागा नव्हती. साल १९६१, वणीकडचं आमचं गाव. वरच्या कोळशाच्या खाणीतून उपसलेलं पाणी नाल्यात यायचं आणि दगडांवर तांबडा गाळ बसायचा. हळद्याबाबानं त्यालाच देवीचा झरा करून टाकलं होतं.

बायकांनी घरून आणलेलं कुंकू बाबा पांढऱ्या फडक्याला फासायचा आणि फडकं नाल्यात बुचकळायचा. लाल फडकं पिवळं होऊन वर!

"देवीनं कुंकू घेतलं, हळद देल्ली! कोनाची वाडी वाळली? हेच तीर्थ पाजा!"

मथुराबाईची मिरचीची वाडी नाल्याकाठीच होती. तिचं सगळं घर त्या वाडीवर चालायचं. पानं करपायला लागल्यापासून ती घागरी भरभरून हेच तीर्थ रोपांना घालत होती आणि रोपं आणखीच माना टाकत होती. "तुही श्रद्धा कमी पडून राह्यली," म्हणत बाबा तिच्याकडून नारळ उकळायचा. माझं डोकंच फिरलं.

मी गावचा शाळामास्तर. कुंकू फासलेल्या दुसऱ्या फडक्यावर मी सगळ्यांसमोर लिंबू पिळलं. तेही पिवळं झालं.

"काय बाबा, लिंबातही देवी शिरली का?"

गर्दीत खसखस पिकली. मी बायकांना विचारलं, "घरी कुंकू कसं करता?"

"हळदीले चुना लावून," मथुराबाई म्हणाली.

"चुन्यानं हळद लाल होते, आंबटानं पुन्हा पिवळी. हे पाणी आंबट आहे. खाणीतल्या दगडात गंधक असतं, त्याला हवापाणी लागलं की तेजाब, म्हणजे जाळणारं आम्ल बनतं. मिरची त्यानंच जळाली."

तिच्या कनवटीची चुन्याची डबी मागून मी पिवळ्या फडक्यावर बोट फिरवलं. लाल रेघ उमटली. बाबानं हळूच झोळी उचलून काढता पाय घेतला. तमाशा संपला म्हणून लोकही पांगले.

मथुराबाई मात्र ते फडकं हातात घेऊन तिथंच थांबली. "म्हंजे मास्तर, म्या माह्याच हातानं वाडी जाळली?"

"तुमचा दोष नाही, बाई. खाणीचा आहे."

"मंग खानीवाल्या सायबाले सांगा ना."

"कालच सांगितलं. नाल्यात चुना टाका म्हणालो, तर हसले."

"बाबा होता तं वाटे, देवी तरी ऐकन. आता कोनाले हात जोडू?"

मी चुन्याची डबी तिला परत दिली. तिनं डबी नाल्यात उपडी केली. पाणी जरासं पांढुरलं, मग पुन्हा तांबडं वाहू लागलं.

डबीभर चुन्यानं काय होणार? गाड्या भरून चुना हवा, आणि तो खाणीकडे मागायला अख्खं गाव हवं. देवीला हात जोडून हे पाणी गोड होणार नाही; सकाळी तीर्थाला लोटले तेवढे लोक साहेबाच्या दारात उभे राहिले, तरच काही होईल. हे सांगायला मी मागे वळलो. नाल्यावर आम्ही दोघंच होतो.