दातात धरलेलं जाकीट

त्या माघात वेल्ह्याच्या खोऱ्यात सुटला तसला वारा बापजन्मात कुणी पाहिला नव्हता. उत्रोलीत कोंबडा आरवला की बांग मार्गासनीत येऊन पडायची, आणि इथले कोंबडे "आपल्यातलं कोण बोललं?" म्हणून एकमेकांकडं बघत बसायचे.

असल्या वाऱ्यात सून सुलक्षणा सासूसासऱ्यांना हौसेनं बीचवर घेऊन गेली. बीच कसला! मानसिंग नावाच्या गड्यानं धरणाच्या काठी डंपरनं वाळू ओतून छत्र्या रोवलेल्या. सासूनं, चंद्राबाईनं, पाऊल टाकलं आणि पदर नाकाला लावला. वाळूत कोंबडीची हाडं, अंड्याची टरफलं, कुणाच्या तरी पोराचं भरलेलं डायपर. घरात दुसऱ्याच्या कपातनं चहा न पिणारी बाई ती. तेवढ्यात वाऱ्यानं दोरीवरची परकी ओली चड्डी उडवली आणि थेट तिच्या गालावर चिकटवली.

"शी! शी! मेल्यांनो!"

चिमाजीला, तिच्या नवऱ्याला, हसू आवरेना.

मानसिंगनं पाण्यात घालायची जाकिटं आणली. उंदरांनी त्यात बाळंतपणं उरकली होती, वर कुणीतरी ओकलंही होतं. चिमाजीनं एक हुंगलं आणि फेकलं.

"हे घालण्यापरीस बुडून मरीन. हिरीत कवा जाकीट घातलं व्हतं का म्या?"

"आवं, हिरीला धराया भित असतीया," चंद्राबाई म्हणाली. "हितं कुठं हाय? आन वारा आत चाललाय, त्यो बघा."

"वाऱ्यानं धोतर उडतंय, माणूस न्हाई बुडत."

ते घाणेरडं जाकीट त्याच्या अंगावर तिलाही बघवलं नसतं, म्हणून तिनं हट्ट धरला नाही. चिमाजीनं सूर मारला.

जाताना वाराच ढकलत होता, त्यामुळं गडी ऐटीत लांब गेला. वळला, आणि लाटा तोंडावर फटाफट बसू लागल्या. हात मारतोय, पण पुढं सरकायच्या ऐवजी मागंच चाललाय. विहिरीतला माणूस धरायला भिंत शोधत होता.

मानसिंग शिट्टी फुंकत राहिला.

"अहो, उडी मारा ना!" सुलक्षणा ओरडली.

"मला पोहता येत न्हाई, ताई. म्या फकस्त शिट्टीला हाय."

"शिट्टीला!" चंद्राबाईनं त्याच्याकडं असं बघितलं, की शिट्टी त्याच्या घशात उतरली.

तिनं कपडे वाळत घालायची दोरी सोडून कमरेला बांधली, दुसरं टोक मानसिंग आणि सुलक्षणाच्या हातात दिलं. एक जाकीट अंगात चढवलं. दुसरं न्यायचं कसं? हात तर पोहायला हवेत. तिनं डोळे मिटले आणि ते दातात धरलं. उंदीर, ओकारी आणि सतरा गावांचा घाम जिभेवर एकदम उतरला. पोटातलं गळ्याशी आलं. ते तिनं गिळलं आणि हात मारत राहिली.

चिमाजीचं नुसतं नाक वर होतं. तो तिच्या गळ्याकडं झेपावला.

"मला न्हाई! ह्याला धरा!" तिनं जाकीट त्याच्या छातीवर कोंबलं.

त्यानं ते पोटच्या पोरासारखं कवटाळलं.

वाऱ्याविरुद्ध दोरी ओढता ओढता मानसिंग गुडघ्यापर्यंत वाळूत रुतला. आणखी जरा ओढली असती तर खालून भोरला निघाला असता. पण दोघं काठाला लागली.

चंद्राबाई किती तरी वेळ चुळा भरत होती.

परतताना टेम्पोत चिमाजी जाकीट घालूनच बसला होता. निघताना मानसिंगनं मागितलं होतं, पण चंद्राबाईनं दिलं नव्हतं.

"लई वास येतोय गं," तो बारीक आवाजात म्हणाला. "उमळतंय मला. काढू का?"

"त्यातच ओका," ती खिडकीबाहेर बघत म्हणाली. "काढायचं न्हाई."