तारेवरचा तळहात

सेलूच्या शिवारात काटेरी तारेचं कुंपण घालावं तर भैय्याजीनं, असं लोक म्हणत, आणि भैय्याजीही कधी नाही म्हणत नसे. साठीला टेकला तरी गडी नाकावर माशी बसू देत नव्हता. तार ताणायला त्याला एक सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, लागायची आणि स्वतःचा डावा तळहात. सब्बलीला तारेचे दोन वेढे मारायचे, ती शेवटच्या खांबाला टेकवून अंगाच्या भारानं मागे रेलायचं आणि तळहात तारेवर ठेवायचा. तार पुरेशी ताणली की हाताखाली बारीक थरथरते. ती थरथर लागली की तो "झालं" म्हणायचा, मग मधल्या खांबापाशी बसलेली त्याची पोरगी आकांक्षा तार आवळून बांधायची. त्याच्या "झालं"शिवाय ती पक्कड उचलत नसे. आठ वर्षं बापलेकीचा धंदा असाच चालला होता.

आता खरं सांगायचं तर तो तळहात सहा महिन्यांपूर्वीच मेला होता. सेवाग्रामच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईनं डोळे मिटायला लावून टाचणी टोचली, तर या गृहस्थानं पापणीच्या फटीतून बघत "टोचलं, टोचलं" म्हटलं. बाईनं ओळखलंच. साखरेनं नसा गेल्या, म्हणाली. बाहेर बाकावर बसलेल्या आकांक्षाला मात्र यानं सांगितलं, "काई नाई. गोड कमी खा म्हणते." तेव्हापासून सगळा कारभार नजरेनं आणि अंदाजानं चालला होता.

परवा आकांक्षानं आर्वीच्या दुकानातून तार ताणायचा रॅचेट आणला. दांडा ओढला की दात्यांचं चाक एकेक दाता पुढं सरकतं आणि तिथंच अडकतं. "हे खेळणं घरी शोकेसात ठेवजो," म्हणून भैय्याजीनं तो मोटरसायकलच्या पिशवीतून बाहेरसुद्धा काढला नव्हता.

आज प्रभाकररावांच्या तुरीभोवती चौथी, शेवटची तार चढत होती. प्रभाकरराव रिटायर मास्तर. सकाळपासून शेताच्या धुऱ्यावर, बांधावर बसून बघत होते.

"मशीनवाले आलते दोघं," ते म्हणाले. "म्या वापस लावले. म्हटलं, आपल्याले भैय्याजीचाच हात पाह्यजे."

भैय्याजीनं तळहात तारेवर ठेवला. तो मागे रेलला. तळहाताला काहीच लागेना. उतरतं ऊन नेमकं डोळ्यांवर, तारही धड दिसेना. तो अजून रेलला.

"झालं का, बाबा?" चाळीस पावलांवरून आकांक्षानं विचारलं. ती गुडघ्यावर बसली होती, गाल तारेला लागेल इतका जवळ.

"थांब जरासक."

त्यानं अजून जोर लावला. मग पँटीच्या गुडघ्यावर लाल थेंब पडलेला दिसला. दुसरा पडला. तारेचा काटा अर्ध्याच्या वर त्याच्या तळहातात घुसला होता आणि त्याला पत्ता नव्हता. त्यानं खांबाच्या बुडाशी पाहिलं. माती भेगाळून खांब आत झुकला होता. म्हणजे तार केव्हाच पुरेशी ताणून झाली होती, आणि वर किती जास्त ताणली गेली ते कुणाला ठाऊक. सकाळी त्यानंच मारलेला तारेचा जोड आकांक्षाच्या पलीकडे दोन हातांवर होता. तुटली तर त्या जोडावरच तुटणार, आणि येणार सरळ पोरीच्या तोंडावर.

"झालं" म्हटलं असतं तर अब्रू राहिली असती. पण मग ती गुडघा खांबाला रोवून तारेवर वाकली असती.

"आकांक्षा, मागं सरक. तारेपासून दूर हो."

"काऊन?"

"मले समजून नाई राह्यलं."

"काय समजून नाई राह्यलं?"

प्रभाकरराव उठून उभे राहिले होते. भैय्याजीला लाजेनं मेल्यासारखं झालं. "तार. हात मेला माहा. सहा महिने झाले. सरक, पोरी."

ती गुडघ्यावरून उठली. मग पक्कड तिथंच खांबावर ठेवून ती मागे मागे गेली. सहा पावलं, सात. भैय्याजी ढील द्यायला लागला. पण किती द्यायची हेही तळहातच सांगणार ना. तेवढ्यात जोड सुटला. तार सणकन आली, तुरीचे शेंडे छाटत, पक्कड उडवत. काटा तळहात फाडून निघाला आणि भैय्याजी सब्बलीसकट उताणा पडला.

आकांक्षा धावत आली. तिनं त्याचा हात मांडीवर घेतला. "दुखून राह्यलं का?"

"नाई," तो म्हणाला. काटा रुतला, विंचू चावला, सब्बल पायावर पडली, दर वेळी त्यानं पोरीला हेच सांगितलं होतं आणि दर वेळी ते खोटं होतं. आज खरं निघालं, आणि त्याला रडू आवरेना.

"मी तिथं तोंड लावून बसलती, बाबा," ओढणी हाताला गुंडाळता गुंडाळता ती म्हणाली. "तुमच्या भरवशावर."

त्यानं उजव्या हातानं ओढणीचं टोक धरून ठेवलं.

"एवढी तार लावू अन् सीधं सेवाग्रामले. या बारीनं मी अंदर येईन."

प्रभाकररावांनी तुरीतून पक्कड शोधून आणली आणि भैय्याजीच्या उजव्या हातात दिली. नवी तार ओढली. आकांक्षानं मोटरसायकलच्या पिशवीतून रॅचेट काढून तारेला अडकवला, एक हात दांड्यावर, दुसरा तारेवर. भैय्याजी मधल्या खांबापाशी जाऊन बसला, तिच्याच जागेवर. तार गालाशी होती. दाता पडल्याचा आवाज एकेक करत यायला लागला आणि तार कानाशी कुरकुरायला लागली. इथं बसून दुसऱ्याच्या शब्दाची वाट बघणं काय असतं, ते त्याला आठ वर्षांत कधी कळलं नव्हतं.

"झालं का?" त्यानं विचारलं.

"थांबा," ती म्हणाली.

तो थांबला.