पूर ओसरू नये म्हणून

"निसर्ग कुणासाठी थांबत नाही, चित्रकारानंच त्याच्यापुढं धावलं पाहिजे," असं ओनेझिम व्हासेर यांनी जाहीर केलं, ते स्वयंपाकघरातल्या टेबलावर उभं राहून. खाली घोट्याएवढं पाणी होतं आणि त्यांचे बूट त्यात तरंगत कुठंतरी निघून गेले होते. बायको, क्लेमांस, बादलीनं पाणी उपसत होती. धावताना दार लावून घ्या, एवढंच ती म्हणाली.

सेन नदीचा पूर उतरावा म्हणून अख्खं गाव चर्चमध्ये मेणबत्त्या लावत होतं. तो उतरू नये असं वाटणारा माणूस गावात एकच, ओनेझिम. पाण्यात उभी असलेली झाडं आणि खाली त्यांची गुलाबी प्रतिबिंबं त्यांनी एका सकाळी कॅनव्हासवर धरायला घेतली, तोच धुकं आलं. ते हटेना, आणि पाणी मात्र रोज वीतभर खाली. पाणी गेलं की उरणार नुसती झाडं. नुसत्या झाडांची चित्रं त्यांच्या माळ्यावर रग्गड पडली होती. पॅरिसच्या प्रदर्शनवाल्यांनी ती हसून परत पाठवली होती.

रोज पहाटे ते झाडाला होडी बांधून बसत. पाणी उतरे तशी होडी उतरे, होडीबरोबर ओनेझिमही, आणि समोरचं दृश्य बिघडे. मग त्यांनी होडीत दारूचं पिंप ठेवून त्यावर बैठक मांडली. बसत, उठत, कुंचल्याचं टोक चावत, धुक्याला शिव्या देत. वरच्या मजल्याच्या खिडकीतून शेजारच्या विधवा मादाम बार्बे हे सगळं बघत. "ही भिंत मी ईस्टरला स्वतः चुन्यानं पांढरी केलीय, मस्यू," चित्रातली आपल्या घराची जांभळी भिंत बघून त्यांनी कालच सुनावलं होतं. "जांभळी तुमची नजर झालीय."

आज धुकं फाटलं. पाणी आरशासारखं निश्चल, त्यावर तोच गुलाबी रंग. ओनेझिमनी मादामकडे बघून ओठांवर बोट ठेवलं आणि पिसाटासारखे हात चालवले. एखादं बदक जरी आलं असतं, तरी सगळं संपलं असतं. आलं नाही. शेवटचा फटकारा बसला, तसा त्यांनी कुंचला खाली ठेवला.

वर मादाम शालीत हात गुंडाळून तशाच उभ्या. श्वासदेखील जपून घेतलेला. ओनेझिमनी चित्र त्यांच्याकडे वळवलं. शेवटी एकीला तरी दिसलं, असं त्यांना वाटलं.

"झालं तुमचं?" मादामनी दबक्या आवाजात विचारलं.

"झालं, मादाम."

"म्हणजे आता पाणी हललं तरी चालेल. मग होडी जरा इकडं घ्या, आणि त्या गोठ्याच्या छपरावरून माझी कोंबडी तेवढी उतरवून द्या."