पांढऱ्या दाढीचं खोटं खातं

"पांढऱ्या दाढीला उलटून बोलायचं नाही." हा नियम ऐजार्कीनला चालायला येण्याआधीच शिकवला गेला. माझा जन्म त्या नियमामुळेच झाला.

मी तोक्तोसून अक्सकाल, म्हणजे पांढऱ्या दाढीचा जाणता म्हातारा, बोलतोय. माणूस नव्हे, समाजमाध्यमावरचं खोटं खातं. चेहरा कुणा मेलेल्या मेंढपाळाचा, डोक्यावर पांढरी कल्पाक टोपी आणि जीभ राजधानी बिश्केकमधल्या एका भाड्याच्या खोलीतली. तिथले साहेब मेदेर म्हणायचे, "तरुण चेहऱ्याला लोक शिव्या घालतात. म्हाताऱ्याला कोण घालणार?"

ऐजार्कीन मला चालवायची. आधी तिने माझ्या तोंडून नुसते आशीर्वाद दिले. मेंढ्यांना, नव्या सुनांना. लोक माझे झाले.

मग तिच्याच गावच्या सोनुनबाई निवडणुकीला उभ्या राहिल्या. खाणीचं घाण पाणी नदीत येतं, हे त्या उघड बोलायच्या. मेदेरनी माझ्या तोंडून त्यांच्याविरुद्ध लिहायला सांगितलं.

"साहेब, त्यांनी मला शिकवलंय," ऐजार्कीन म्हणाली.

"मग त्यांच्या खोड्या तुलाच जास्त ठाऊक असतील!"

ती उठून गेली. मेदेरनी स्वतःच लिहिलं, 'ही बाई परक्यांच्या पैशावर नाचते.' खोलीतल्या बाकीच्या खोट्या चेहऱ्यांनी माना डोलावल्या, "अक्सकाल खरं बोलले!" मला जीभ चावता आली नाही. ती माझी नव्हतीच.

ऐजार्कीन गावी पोचली, तेव्हा म्हातारी मंडळी सोनुनबाईंच्या घरी चहाला बसली होती.

"अर्ज मागे घे, पोरी," जुमाश अक्सकाल समजावत होते. "तोक्तोसूनसारखा जाणता माणूस उगाच बोलेल का?"

"कुठल्या गावचा हा तोक्तोसून?" सोनुनबाईंनी विचारलं.

"गाव काय विचारतेस? दाढी बघ त्याची!"

ऐजार्कीनच्या फोनवर मी अजून उघडाच होतो. तिने सगळ्यांदेखत लिहिलं, 'जुमाशची दाढी खोटी आहे.' जुमाशच्या खिशातला फोन वाजला. त्यांनी वाचलं आणि नकळत दाढीला हात लावला.

"हा माणूस नाही, आजोबा. याच्या तोंडून मीच बोलत होते."

"थोरांशी असं बोलतात?"

"यात थोर कुठाय? तुम्ही सांगता म्हणून बाई माघार घेणार नाहीत, आणि मीही गप्प बसणार नाही. उलटूनच बोलणार!"

जुमाशनी चहाचा पेला दूर सारला. चहा निवत गेला.

तेवढ्यात सगळ्यांचे फोन एकदम वाजले. शहरातून कुणीतरी मला बोलतं केलं होतं, 'माझं खातं चोरीला गेलं होतं. माफ करा, लेकरांनो. सोनुनला मत देऊ नका.'

कुणीच काही बोलेना. त्या शांततेत मी एकटाच बोलत होतो.

मला उलटून बोला रे, कुणीतरी!