आले की आलं

पाना बोल्टवर बसवून तिने अंगातला सगळा भार टाकला, पण बोल्ट हलायचं नाव घेईना. गंजाने त्याचं आणि खांबाचं लग्नच लावून दिलं होतं. शेजारच्या शिंपीभाऊजींनी दिलेली मशीनच्या तेलाची कुपी तिने पुन्हा उपडी केली, जरा दम खाल्ला आणि देवाचं नाव घेऊन हिसका दिला. कर्र करून बोल्ट सुटला. डोक्यावरची टीव्हीची जाळीची भली मोठी छत्री डुगडुगली. तिने कड दोन्ही हातांनी धरून ती बोटभर सरकवली.

"आलं का?" गच्चीच्या कठड्यावरून वाकून तिने विचारलं.

"काय?" खालच्या खिडकीतून भाऊजींचा आवाज आला.

"चित्र, भाऊजी! दुसरं काय येणार?"

"मुंग्याच आहेत! अख्खं वारूळ फुटलंय, वहिनी!"

मागच्या वादळाने छत्री फिरवली, तेव्हापासून टीव्हीवर मुंग्याच होत्या. त्यात छत गळतं म्हणून मुलाने उद्या सकाळची माणसं ठरवलेली; छत्री उतरवायची आणि भंगारात द्यायची. "आता सगळं मोबाइलवर दिसतं, आई," तो फोनवर म्हणाला होता. मग शोध की मला तो गाणारा बाबा, असं तिने सांगितलं. नाव काय त्याचं? माहीत नाही. भाषा कुठली? तेही नाही. "मग शोधू काय, डोंबल?" म्हणून तो हसला. तीही हसली, फोन ठेवेपर्यंत.

उरली होती ती आजची एक संध्याकाळ. बाबाला एकदा, शेवटचं, ऐकायचं होतं.

बाबा पांढऱ्या दाढीचा. एक ओळ गायचा, मग थांबून तिच्यावर बोलायचा, बोलता बोलता लोकांना हसवायचा, आणि हसू ओसरायच्या आत तीच ओळ अशी उचलायचा की समोरच्या बायका डोळ्यांना रुमाल लावायच्या. तिला एक शब्द कळत नसे. पण गोष्टीत देव कधी आला ते आवाजावरून कळे. तिथे बाबा हळू व्हायचा, दारात कोणी मोठं माणूस आल्यावर आपण होतो तसा. नवरा गेल्यावर संध्याकाळी घरात माणसाचा आवाज म्हणावा तर तेवढाच होता. वादळाने तोही नेला. हल्ली ती स्वयंपाकघरात भांडं ठेवताना जरा आपटूनच ठेवी.

खरं तर बाबा घरात आला तोच चुकून. छत्री नवी होती. नवरा वर फिरवत होता, ती खाली टीव्हीपाशी. "चांगलं चित्र आलं की ओरड," एवढंच त्याने सांगितलेलं. दुपार कलली तरी मुंग्या हटेनात. तेवढ्यात दार वाजलं. हेच भाऊजी, गळ्यात टेप अडकवून. ती "आले, आले!" म्हणत दाराकडे धावली आणि वर नवऱ्याने ऐकलं, "आलं, आलं!" वाऱ्यात आले काय नि आलं काय. त्याने छत्री होती तिथेच बोल्ट आवळून टाकले. देवाची करणी अशी, की पडद्यावर खरोखरच चित्र उभं होतं. बाबा गात होता. नवरा खाली आला तेव्हा बोटांची सालं निघालेली आणि तोंडभर हसू.

"हेच ना?" त्याने विचारलं.

त्या हातांना नाही कोण म्हणणार? "हेच," ती म्हणाली. त्याला हवं ते मिळालं, अशीच तिची समजूत. मग रोज संध्याकाळी दोघं बाबासमोर. तो दुसऱ्या ओळीलाच पेंगायला लागे आणि हलवलं की म्हणे, "ऐकतोय मी. मिटल्या डोळ्यांनी जास्त ऐकू येतं."

"वहिनी, वर झोपलात की काय?"

"फिरवतेय हो, फिरवतेय!"

खांबाभोवती फिरणारं छत्रीचं लोखंडी कडं आता अडू लागलं. तिने बाहीने खांबावरची धूळ पुसली. खाली हिरवा रंग दिसला. आणखी पुसलं. खांबावर दोन रेघा होत्या, जराशा अंतराने, आणि कड्यावर एक. रेघांखाली नवऱ्याचं ते जाड, पाटीवर गिरवल्यासारखं अक्षर. एकीखाली 'हिचं'. दुसरीखाली 'माझं'.

हा रंग दाराचा. ती लेकीच्या बाळंतपणाला गेली होती, तेव्हा त्याने एकट्याने दार रंगवलं होतं. म्हणजे तिच्या माघारी त्याला त्याच्या आवडीचं चित्र सापडलं होतं. आणि ती परत आली तेव्हा टीव्हीवर बाबा होता, जागच्या जागी.

ती खांबाशी उकिडवी बसून राहिली. नावाने त्याने तिला कधी हाक मारली नाही; चारचौघांत काय, एकट्या खांबाशी बोलतानाही ती 'ही'च. 'हिचं'वरून तिने अंगठा फिरवला. मग उठली आणि कड्याची रेघ त्या रेघेला भिडवली.

"आला, आला! वहिनी, तुमचा बाबा आला! दाढीचा केस न् केस मोजून घ्या!"

खिडकीतून गाणं वर आलं. तिने हात जोडले, एक ओळ पुरती ऐकली, बाबा बोलायला थांबला तिथपर्यंत. मग छत्रीची कड धरून ती ढकलली.

"अहो, गेला! काय केलंत? गेला तो!"

"जाऊ द्या."

"जाऊ द्या काय! आत्ता तर आला होता!"

रेघ 'माझं'ला भिडली.

"वहिनी, हे भलतंच आलंय! दोन रेडे आहेत चड्डीतले, एकमेकांना आपटताहेत. कुस्ती आहे हो! मागे घ्या, बाबा तिकडे राहिला!"

कुस्ती! झुरळ दिसलं तर कागदावर घेऊन बाहेर सोडणारा माणूस तो. तिने तोंडावर हात धरला. हसू दाबायला की कशाला, तिचं तिलाही सांगता आलं नसतं. पाना उचलून तिने बोल्ट आवळला, पुरता.

खाली आली तेव्हा भाऊजी रिमोट हातात घेऊन गोंधळून उभे होते. ती नवऱ्याच्या खुर्चीत बसली.

"बसा, भाऊजी. यातला आपला कोणता?"

"आपला कसला त्यात?"

"म्हणजे, ह्यांनी कोणाची बाजू घेतली असती?"

भाऊजींनी तिच्या तेलकट हातांकडे पाहिलं, मग पडद्याकडे. विचार करून स्टूल ओढलं.

"तो बुटका," ते म्हणाले.

बुटका पाठीवर पडला होता आणि दुसरा त्याच्या छातीवर बसला होता. ती खुर्चीत पुढे सरकली.

"ऊठ रे," ती म्हणाली.